क्रूझ खरोखर आवाक्यात असते का? बर्म्युडाच्या सफरीचा जमाखर्च

मुळामुठा:

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत क्रूझ म्हणजे श्रीमंतांची चैन असे गृहीत धरले जाते आणि त्यामुळे बहुतेकांची गोष्ट भाड्याच्या चौकशीपर्यंत जातच नाही. मी न्यू जर्सीत राहते. बेयोन येथील केप लिबर्टी हे बंदर घरापासून गाडीने तासाभरापेक्षाही जवळ आहे. पुण्याहून आई-बाबा आले होते, नायगारा आणि वॉशिंग्टन त्यांनी मागच्या खेपेला पाहिले होते आणि रोज सामान आवरून नवे हॉटेल गाठणे आता दोघांनाही झेपत नाही. म्हणून चार-पाच दिवसांच्या बेतासाठी मी तीन-चार पर्यायांचे हिशेब शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांत सर्वांत खाली आकडा आला तो अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटाच्या क्रूझचा. तो आकडा कसा बनतो आणि कुठे फुगतो, हे येथे तपशिलाने लिहिते आहे, म्हणजे इतरांनाही आपापला हिशेब करता येईल.

उदाहरणादाखल, शाळा सुरू झाल्यानंतरच्या सप्टेंबरातली पाच रात्रींची सफर घेऊ. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचे भाडे माणशी ४५० डॉलर धरले, तर त्यावर बंदरशुल्क आणि कर मिळून साधारण १३० डॉलर चढतात. कर्मचाऱ्यांसाठीचे सेवाशुल्क, ज्याला सगळे टिप म्हणतात, ते माणशी दररोज १८ डॉलरच्या आसपास असते. म्हणजे पाच रात्रींचे ९० डॉलर. एकूण ६७० डॉलर झाले, म्हणजे दर रात्री माणशी १३४ डॉलर. एवढ्यात राहणे, तिन्ही वेळचे जेवण, न्यू जर्सी ते बर्म्युडा आणि परत असा प्रवास, पोहण्याचे तलाव आणि रोज संध्याकाळचे रंगमंचावरचे कार्यक्रम येतात. आमच्या बाबतीत विमानाचे तिकीटच लागत नव्हते. बंदरावर गाडी उभी करण्याचे भाडे मात्र दिवसागणिक पडते, म्हणून शक्य असेल तर कोणाला तरी सोडायला सांगावे.

हा आकडा खरा कळतो तो बर्म्युडातले दर पाहिल्यावर. त्या बेटावर जवळजवळ प्रत्येक वस्तू बाहेरून आणावी लागते, त्यामुळे राहणे आणि खाणे दोन्ही महाग आहे आणि साधेसे हॉटेलसुद्धा रात्रीला ३०० डॉलरच्या पुढे सहज जाते. विमानाने जाऊन, हॉटेलात उतरून बर्म्युडा पाहणे आम्हाला परवडले नसते. जहाज रॉयल नेव्हल डॉकयार्डच्या धक्क्याला थेट लागते आणि रात्रीही तेथेच मुक्काम करते. बस आणि फेरी दोन्हींना चालणारा पास डॉकयार्डमध्येच मिळतो. तेथून ७ क्रमांकाची गुलाबी बस दक्षिण किनाऱ्याने जाते आणि हॉर्सशू बे या गुलाबी छटेच्या वाळूच्या किनाऱ्याजवळ उतरवते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. बेटावर एकही नदी नाही, प्रत्येक घराच्या पांढऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या छपरावरून पावसाचे पाणी खालच्या टाकीत उतरवले जाते, हे कळल्यावर त्यांनी बसच्या खिडकीतून शेवटपर्यंत दुसरे काही पाहिले नाही.

आता खर्च कुठे फुगतो ते सांगते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचे दार उघडणाऱ्या कार्डावरच सगळी खरेदी मांडली जाते आणि त्यामुळे हात सैल सुटतो. मद्याचे पॅकेज दिवसाला ६० ते १०० डॉलरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे मूळ भाड्याइतकेच. इंटरनेट, छायाचित्रे, स्पा, खास उपाहारगृहे आणि कॅसिनो हे सगळे वेगळे. पाणी, चहा, साधी कॉफी आणि नाश्त्याचे फळांचे रस भाड्यातच येतात आणि आमचे त्यांवर उत्तम भागले. रोज रात्री खात्यावर किती रक्कम चढली हे अॅपवर पाहता येते, ते पाहत जावे. फोन मात्र जहाजाने धक्का सोडण्याआधीच फ्लाइट मोडवर टाकायला हवा, कारण भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह-जाळ्याला जोडला गेला तर त्याचे बिल वेगळे आणि भरमसाट येते.

भारतातून, सिंगापूरहून किंवा अमेरिकेच्या इतर बंदरांतून ज्यांनी अशा सफरी केल्या आहेत, त्यांनी आपापले हिशेब येथे मांडावेत अशी विनंती आहे.

हर्णैकर:

लेख फार उपयुक्त आहे. आमच्या पिढीतल्या कोकणी माणसाच्या मनात बोटीचा प्रवास आणि चैन या दोन गोष्टी कधी एकत्र आल्याच नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हा मुंबईहून गावी जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, हर्णै आले की बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि मग लाटांवर वरखाली होणाऱ्या पडावात एकेकाला हाताला धरून उतरवले जायचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, पण प्रवासी बोटी त्याच्या आधीच थांबल्या होत्या.

मुंबईचा अनुभव सांगतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोचीकडे जाते. या जहाजाचा पूर्वेतिहास आपल्या विषयाशी थेट जुळतो. ते १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नझेर येथे 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधले गेले आणि मायामीहून बहामा बेटांच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठीच त्याची आखणी झाली होती. लहान सुट्टीत, लहान खर्चात सामान्य माणसाला समुद्रावर नेण्यासाठी जे जहाज तिकडे घडले, तेच आज आपल्याला गोव्याला नेते.

तथापि अमेरिकेतले दर डोळ्यांपुढे ठेवून कोणी मुंबईचे आरक्षण करू नये. दोन रात्रींच्या गोवा सफरीला भाडे, बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी धरून हंगामानुसार माणशी वीस-पंचवीस हजारांची तयारी ठेवावी लागते आणि दिवाळी, नाताळ किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांत त्याहूनही अधिक. दर रात्रीचा हिशेब केला तर आपला दर बर्म्युडाच्या जवळ जातो किंवा त्याच्या वर चढतो, आणि आपली मिळकत डॉलरमध्ये नसते. माझ्या मते याचे कारण स्पर्धेचा अभाव हे आहे. मायामीच्या धक्क्यांवर एकाच दिवशी चार-सहा महाकाय जहाजे एकमेकांशी भावात झुंजत असतात. आपल्याकडे नियमित देशी सफरी करणारे मोठे जहाज जवळपास एकच आहे. असे असूनही डिसेंबरातले गोव्याचे विमानभाडे आणि तेथील हॉटेलांचे दर पाहिले, तर बॅलार्ड पिअरला टॅक्सीने जाऊन जहाजावर चढणे मला महाग वाटले नाही. आमच्या सौभाग्यवतींना आयुष्यभर बोट लागत आली, पण एवढ्या मोठ्या जहाजावर त्यांना एकदाही त्रास झाला नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत गेल्या काही वर्षांपासून हे जहाज चेन्नईकडे नेले जाते, त्यामुळे मुंबईकरांनी ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा.

केवडा:

मुळामुठा, आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. जेवण भाड्यात धरलेले असले आणि ते खाताच येत नसेल, तर बाहेर वेगळे पैसे मोडावे लागतील आणि सगळा हिशेब कोसळेल. तुमच्या आई-बाबांची सोय कशी झाली? घरून काही नेता येते का?

मुळामुठा:

केवडा, प्रश्न अगदी नेमका आहे. आरक्षण करतानाच आहाराविषयीची नोंद द्यावी आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहात हेड वेटरला प्रत्यक्ष भेटून ती पुन्हा सांगावी. ठरलेल्या वेळेचे आणि ठरलेल्या टेबलाचे जेवण घ्यावे, म्हणजे रोज तेच वाढपी असतात. आमच्या टेबलाचे वाढपी गोव्यातल्या सालसेतचे होते. आईने त्यांच्याशी कोकणीमिश्रित मराठीत बोलणे सुरू केले आणि दुसऱ्या संध्याकाळपासून यादीत नसलेली डाळ, भाजी आणि पोळी समोर येऊ लागली. रोज रात्री ते दुसऱ्या दिवशीच्या पदार्थांची यादी दाखवून विचारत असत. आईने चतुर्थीचा उपास असल्याचे आदल्या रात्री सांगितले, तेव्हा उकडलेले बटाटे, फळे आणि दही वेगळे मांडून आले. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र ऐन वेळी सांगून चालणार नाही. कंपनीला सफरीच्या आधीच लेखी कळवावे.

घरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटे, म्हणजे विकतचा चिवडा किंवा खाकरा, सामान्यतः चालतात. इंडक्शन शेगडी, पाणी तापवण्याची किटली, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शनची पट्टी नेऊ नये, कारण आगीच्या भीतीने ती तपासणीतच काढून ठेवतात. लोहचुंबकाचे हुक मात्र जरूर न्यावेत. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे ओले टॉवेल आणि पिशव्या टांगण्याची छान सोय होते. आतल्या लहान केबिनमध्ये त्याचे महत्त्व कळते.

दर्यावर्दी:

मी बरीच वर्षे मोठ्या प्रवासी जहाजांवर, हॉटेल विभागाच्या हिशेब कार्यालयात काम केले आहे. एवढ्या भाड्यात कंपनीला हे परवडते कसे, हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

धक्का सोडल्यावर रिकाम्या राहिलेल्या केबिनची किंमत शून्य असते. इंधन तितकेच जळते, खलाशी तितकेच लागतात, स्वयंपाकघर तसेच चालते. म्हणून जहाज भरलेले सुटावे यासाठी कंपनी शेवटच्या आठवड्यांत भाडे कितीही खाली आणायला तयार होते. या व्यवसायात एका केबिनमागे दोन माणसे धरून क्षमता मोजतात. तिसरे आणि चौथे प्रवासी त्याच केबिनमध्ये कमी भाड्यात घेतले जातात, त्यामुळे कंपन्यांच्या अहवालांत जहाजे शंभर टक्क्यांहून अधिक भरलेली दिसतात. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांप्रमाणे ढोबळमानाने दोन तृतीयांश उत्पन्न तिकिटांतून आणि एक तृतीयांश जहाजावरच्या खर्चातून, म्हणजे मद्य, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट यांतून येते. जो प्रवासी यांतले काही घेत नाही, त्याची सफर इतरांच्या खर्चामुळे स्वस्त पडते. मुळामुठा यांच्या आई-बाबांनी चहा-कॉफीवर भागवले, म्हणून त्यांना तो १३४ डॉलरचा दर टिकवता आला.

दुसरे कारण जहाजाच्या निशाणाशी, म्हणजे ते कोणत्या देशात नोंदलेले आहे याच्याशी निगडित आहे. मायामीहून सुटणारी बहुतेक जहाजे बहामा, पनामा किंवा माल्टाच्या नोंदणीची असतात, त्यामुळे अमेरिकेतले वेतनाचे कायदे आणि कर त्यांना बहुतांशी लागू होत नाहीत. आता अमेरिकेचा १८८६ सालचा प्रवासी जहाजांविषयीचा कायदा असा आहे की परदेशी जहाजाला दोन अमेरिकन बंदरांमध्ये थेट प्रवासी वाहतूक करता येत नाही आणि अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचे असेल तर वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजे परतताना संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात ती त्यामुळेच. याला अपवाद हवाईचा. होनोलुलुहून सात रात्रींची बेटाबेटांची सफर करणारे 'प्राइड ऑफ अमेरिका' हे जहाज अमेरिकन नोंदणीचे आहे, त्यावरचे कर्मचारी अमेरिकन आहेत आणि त्याला परदेशी बंदर घ्यावे लागत नाही. त्या सफरीचे भाडे काढून कॅरिबियनमधल्या तेवढ्याच रात्रींच्या भाड्याशेजारी ठेवावे. कित्येकदा दुपटीहून अधिक फरक आढळतो. स्वस्ताईतला किती भाग नोंदणीचा आणि मजुरीचा आहे, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांनी जहाजांच्या स्थलांतराच्या सफरी पाहाव्यात. कॅरिबियनचा हिवाळी हंगाम संपला की एप्रिलमध्ये जहाजे अटलांटिक ओलांडून भूमध्य समुद्रात जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. जहाजाला काही झाले तरी पलीकडे जायचेच असते आणि ओळीने सहा-सात दिवस किनारा दिसत नसल्यामुळे गर्दी कमी असते. दर रात्रीचे भाडे एवढे खाली आलेले मी अन्यत्र क्वचितच पाहिले. अर्थात विमानाचे एकेरी तिकीट त्यात मिळवायला विसरू नये.

प्राजक्त:

दर्यावर्दी यांच्या प्रतिसादामुळे माझ्या मनातली शंका अधिक गडद झाली. प्रवाशाला जे स्वस्त पडते त्याची किंमत दुसरे कोणी चुकवत असेल, तर 'आवाक्यात' हा शब्द आपण पूर्ण विचार करून वापरायला हवा. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठी जहाजे नेण्यास इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी घातली, ती तेथील इमारतींचे पाये आणि खाजण यांच्या रक्षणासाठी. अलास्कातल्या जुनो शहराने २०२६ पासून दिवसाला किती प्रवासी उतरू द्यावेत याची मर्यादा कंपन्यांशी ठरवून घेतली. लोक जहाजावरच झोपतात, जहाजावरच जेवतात आणि गावात चार तास हिंडून निघून जातात. गर्दी गावाच्या वाट्याला येते आणि पैसा जहाजावर राहतो. शिवाय केबिन स्वच्छ करणारी माणसे किती तास राबतात आणि त्यांच्या हातात काय पडते, हेही येथे यायला हवे.

दर्यावर्दी:

प्राजक्त, प्रश्न रास्त आहेत. कामाच्या तासांविषयी २००६ चा सागरी कामगार करार आहे, भारतानेही तो २०१५ साली स्वीकारला. त्यानुसार आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम किंवा किमान ७७ तास विश्रांती अशी मर्यादा आहे. ती पाळली गेली तरी ७२ तास म्हणजे सुट्टीशिवाय रोजचे दहा तासांहून अधिक काम झाले, आणि कर्मचाऱ्याचा नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो. गोवा आणि कोकणातली कित्येक घरे या नोकऱ्यांवर उभी राहिली हे मी जवळून पाहिले आहे. त्याच घरांतली मुले वडिलांना वर्षातून दोन-तीन महिनेच पाहतात हेही पाहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रवाशाच्या हातात जे आहे ते असे, की खर्च वाचवण्यासाठी सेवाशुल्क काढून टाकण्याची सोय काही कंपन्या देतात, ती कधीही वापरू नये. त्या रकमेवर केबिन कर्मचाऱ्यांच्या आणि वाढप्यांच्या कमाईचा मोठा भाग अवलंबून असतो. ते शुल्क भाड्याचाच भाग समजून मुळामुठा यांच्याप्रमाणे आधीच हिशेबात धरावे.

धुराविषयी सांगायचे तर १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के केली गेली. काही बंदरांत धक्क्यावरची वीज जोडून इंजिने बंद ठेवता येतात. समस्या त्याने सुटलेली नाही. ज्याला शक्य आहे त्याने विमान न घेता घराजवळच्या बंदरातून जावे आणि ज्या गावी उतरू तेथे जेवावे, एवढे मी आवर्जून सुचवीन.

ह्यूस्टनकर:

टेक्ससमधल्या मंडळींसाठी गॅल्व्हस्टन बंदर ह्यूस्टनपासून तासाभरावर आहे. तेथून मेक्सिकोतल्या कोझुमेल आणि प्रोग्रेसो या बंदरांकडे चार-पाच रात्रींच्या पुष्कळ सफरी निघतात. भाडे सर्वांत खाली येते ते नववर्षानंतरच्या जानेवारीत, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर नाताळपूर्वीच्या दोन आठवड्यांत आणि सप्टेंबरात. जानेवारी-फेब्रुवारीत गॅल्व्हस्टनला दाट धुके पडले की जहाजाला बंदरात यायलाच उशीर होतो, म्हणून परतीच्या दिवशी सकाळचे विमान किंवा महत्त्वाचे काम ठेवू नये. सप्टेंबरात चक्रीवादळांचा ऐन काळ असतो. वादळ आले तर जहाज मार्ग बदलते, ठरलेले बंदर चुकते आणि त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते, बाकी काही नाही. ज्यांना विशिष्ट ठिकाणच पाहायचे आहे त्यांनी या स्वस्ताईच्या मागे जाऊ नये.

आणखी एक उपयोगी गोष्ट. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत सहसा सुटण्याच्या तारखेआधी ७५ ते ९० दिवसांची असते. तोपर्यंत भाडे उतरले तर अमेरिकेतील आरक्षणांवर बहुधा नवा दर मागून घेता येतो. मी दर रविवारी सकाळी भाडे पाहत असे आणि उतरले की एजंटला कळवत असे.

व्हिसाविषयीही येथे लिहून ठेवतो. आई-वडिलांचा पर्यटक व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा असेल तर अडचण येत नाही. मात्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या ज्यांच्या पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे आणि केवळ कागदोपत्री मुदतवाढ मिळालेली आहे, त्यांनी बर्म्युडा किंवा बहामाच्या सफरीचे आरक्षण करू नये. परत प्रवेश करताना वैध शिक्का लागतो. बर्म्युडाच्या नियमाप्रमाणे तर परतीच्या व्हिसाची मुदत तेथून निघाल्यानंतरही किमान ४५ दिवस शिल्लक असावी लागते.

गोदाकाठ:

नाशिकहून आम्ही सहकुटुंब सिंगापूरला गेलो, तेव्हा तेथील सुट्टीतल्या तीन रात्री 'गेंटिंग ड्रीम' या जहाजावर काढल्या. केवळ जहाजाचे भाडे पाहिले तर ते मोहात पाडणारे असते, पण मुंबई-सिंगापूरचे विमानभाडे मिळवले की ती स्वस्ताई उरत नाही. म्हणून क्रूझसाठी सिंगापूर गाठणे मला पटत नाही. सिंगापूरला जायचेच असेल, तर मात्र हिशेब बदलतो. तेथे चौघांसाठी हॉटेलच्या दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि जेवण वेगळे. जहाजावर चौघे एका केबिनमध्ये मावलो, मुलांचे भाडे कमी पडले आणि पेनांग हे आणखी एक ठिकाण पाहून झाले. शाकाहारी आणि जैन जेवणाची स्वतंत्र व्यवस्था तेथे आहे, त्यामुळे केवडा यांच्या सासूबाईंची सोय अधिक सहज होईल. जहाज मलेशियाला जाऊन सिंगापूरला परतते, तेव्हा सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे एजंटकडून पक्के करून घ्यावे. मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्ट्या असल्याने भारतीयांची गर्दी उसळते आणि दरही चढतात. आम्ही गणपतीनंतर गेलो होतो.

शमी:

मी निवृत्त आहे, एकटीच असते आणि मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला दर वर्षी येते. एकट्या व्यक्तीला हे दर लागू होतात का? मला गुडघ्यांचा आणि रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे कोणती केबिन घ्यावी आणि जहाजावर आजारी पडल्यास काय, हेही कोणी सांगावे.

मुळामुठा:

शमीताई, एकट्या व्यक्तीच्या बाबतीत वरचा हिशेब बिघडतो हे स्पष्ट सांगायला हवे. दर दोघांच्या केबिनवर ठरलेला असल्याने एकट्याने केबिन घेतली तर बहुधा दोघांचे मूळ भाडे भरावे लागते. बंदरशुल्क आणि टिप तेवढी एकाचीच लागते. माझ्या उदाहरणात तुमचा आकडा ६७० ऐवजी १,१२० डॉलर होईल. काही जहाजांवर एकट्या प्रवाशांसाठी लहान केबिन असतात. नॉर्वेजियन कंपनीने २०१० मध्ये 'एपिक' या जहाजावर अशा १२८ केबिन केल्या आणि नंतर इतरांनीही ती प्रथा उचलली, पण त्या थोड्या असल्याने लवकर संपतात. तुमच्यासाठी खरा फायद्याचा मार्ग म्हणजे मुलीच्या कुटुंबाच्या केबिनमध्ये तिसरे किंवा चौथे प्रवासी म्हणून जाणे. वरच्या बाजूला भिंतीतून उघडणारी खाट असते, ती मुलांना द्यावी. गुडघ्यांचा त्रास असताना शिडी चढणे तुम्हाला जमणार नाही.

केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यभागी मागावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, लिफ्ट जवळ असते आणि अशा केबिन बहुधा स्वस्तही असतात. बंदर निवडताना जहाज धक्क्याला लागते की दूर उभे राहून लहान बोटीतून उतरवते हे पाहावे. हर्णैकर काकांनी पडावाचे जे वर्णन केले आहे, तशी उतरण्याची पद्धत आजही काही बंदरांत असते, फक्त बोटी बंदिस्त आणि मोठ्या असतात. बर्म्युडाच्या डॉकयार्डला हा प्रश्न येत नाही.

जहाजावर डॉक्टर आणि लहान दवाखाना असतो, पण तेथील तपासणीचे बिल थेट केबिनच्या खात्यावर चढते आणि ते जड असते. गंभीर आजारात किनाऱ्यावर हलवावे लागले तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. तुम्ही भारतातून येताना जो प्रवासी विमा काढता, तो अमेरिकेच्या हद्दीबाहेर, समुद्रावर आणि बर्म्युडात लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. नसेल तर क्रूझपुरता वेगळा विमा काढावा आणि त्यात वैद्यकीय स्थलांतराचा खर्च समाविष्ट आहे याची खात्री करावी. आई-बाबांच्या वेळी त्या विम्याची रक्कमही मी हिशेबात धरली होती. आधीपासून असलेल्या रक्तदाबासाठी ठरावीक दिवसांच्या आत विमा काढावा लागतो, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, तेव्हा आरक्षणाची पहिली रक्कम भराल त्याच आठवड्यात तेही काम उरकून घ्या. औषधे मोठ्या सामानात टाकू नका. बंदरावर बॅगा हमालांच्या ताब्यात दिल्या की त्या केबिनच्या दारात यायला कधी कधी रात्रीचे जेवण होऊन जाते.